गरगर फिरणारा नंबर वन

शुक्रवारी लंचनंतर ऑफिसात कुणी मन लावून काम करताना दिसलं, तर समजावं की एकतर तो नवीन जॉइन झालाय किंवा त्याचं अप्रेझल तोंडावर आलंय. बाकी आम्ही सगळे पॅन्ट्रीत. गेल्या शुक्रवारी तिथे विषय निघाला सुपरहिरोंचा. आमच्या टीममध्ये एक जपानवेडा प्राणी आहे. एरवी मीटिंगमध्ये 'हो' आणि 'चालेल' याच्या पलीकडे बोलत नाही, पण 'कामेन रायडर' म्हणा, की स्वारी सुटलीच! टोळासारखा मुखवटा घालून मोटारसायकलवर फिरणारा हा हिरो जपानी टीव्हीवर १९७१ मध्ये आला. आणि २००० ते २००९ या दहा वर्षांत तर दरवर्षी एक नवा कोरा रायडर. नवा नट, नवी गोष्ट, नवा पट्टा. वर्ष संपलं की जुना घरी, पुढचा हजर.

पठ्ठ्याने पेपर नॅपकिनवर दहाच्या दहा रायडरचं रँकिंग लिहून दिलं. पहिला नंबर २००० सालच्या 'कूगा'ला. का? तर त्याला मारामारी मुळात आवडतच नाही. लोकांच्या चेहऱ्यावरचं हसू टिकावं म्हणून तो लढतो. दुसरा नंबर २००७ च्या 'डेन-ओ'ला. म्हणजे जिथे जाईल तिथे धडपडणारा, महाकमनशिबी पोरगा... आणि तोच हिरो!

"आता तुमची लिस्ट द्या," साहेब म्हणाले. आणि पॅन्ट्रीत जे महाभारत झालं म्हणता! एकाला आठवला 'हातिम', दुसरीला 'सोनपरी', आणि आमचे पन्नाशीतले मॅनेजर मध्येच घुसून म्हणाले, "अरे, तुमच्या आधी आमचा 'जायंट रोबोट' होता!" खरंच होता. १९६७ ची जपानी मालिका, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर यायची. एक छोटा मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि अवाढव्य रोबोट उडत हजर व्हायचा. मॅनेजर आजही स्मार्टवॉचवर कॉल घेताना जरा जास्तच गंभीर होतात, त्याचं कारण आम्हाला त्या दिवशी कळलं.

तर मंडळी, लिस्ट बनवायची जबाबदारी माझ्यावर आली. नियम तीन. एक, हिरो इथलाच पाहिजे, इम्पोर्टेड नको. दोन, काळ १९९७ ते २००६, म्हणजे आमचं बालपण अधिक थोडं टीनएज. तीन, कुणाकडे शक्ती जास्त हे बघायचं नाही. समोर बसलेल्या पोरांसाठी त्याने काय केलं, ते बघायचं. हा तिसरा नियम मी का घातला, ते शेवटी सांगते. त्याचा संबंध मिरजोळ्यातल्या एका गडग्याशी आहे.

मिरजोळे म्हणजे माझं गाव. रत्नागिरी शहराला लागून. एमआयडीसी आमचीच आणि विमानतळही आमच्याच बाजूला. पण तेव्हा आमच्यासाठी गाव म्हणजे जांभ्या दगडाचं कौलारू घर, अंगण, आणि कौलांवर आडवा-तिडवा बसलेला अँटेना. एकाने वर चढायचं, दुसऱ्याने पडवीतून ओरडायचं, "आलं... आलं... गेलं!" रविवारी बारा वाजता हा कार्यक्रम ठरलेला. केबल आमच्या वाडीत नंतर आली. त्यामुळे आमचे सुपरहिरो दोन प्रकारचे. अँटेनाचे आणि केबलचे.

तर आता काउंटडाऊन!

नंबर ५ : हातिम

केबलचा माणूस. स्टार प्लस, २००३-०४. राहिल आझम, लांब केस, तलवार. पोरीबाळी फिदा, सांगायलाच नको! पण हातिमची खरी गंमत त्याच्या तलवारीत नव्हती. त्याला सात सवाल सोडवायचे होते, आणि तेही स्वतःसाठी नाही. दज्जालच्या शापाने दगड झालेल्या दुसऱ्याच एका राजपुत्राला सोडवायला हा गडी घर सोडून निघालेला. आजच्या भाषेत, दुसऱ्याच्या प्रोजेक्टसाठी वीकेण्ड घालवणारा! मार्क मिळणारच. नंबर पाचवा अशासाठी, की तो येईपर्यंत आम्ही जरा मोठे झालो होतो. विश्वास ठेवायचं वय निघून गेलं होतं.

नंबर ४ : कॅप्टन व्योम

अँटेना. १९९८. दिग्दर्शक केतन मेहता आणि हिरो आपला मिलिंद सोमण. 'मेड इन इंडिया'च्या व्हिडिओनंतर तीन वर्षांनी मिलिंद अंतराळात, त्यामुळे आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्याच 'पोरांसोबत' बघायला बसायच्या. गोष्ट २१२३ सालची. तुरुंगातून निसटलेले महाडेंजर गुन्हेगार आणि त्यांच्या मागावर व्योम. जरा विचार करा. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली होती आणि गाडी बघायला म्हणून आम्ही स्टेशनवर जात होतो. आणि इकडे हा ग्रहांवरून ये-जा करतोय! मराठी माणूस अंतराळात कमांडर होऊ शकतो, हे पहिल्यांदा त्याने दाखवलं. पण तो सगळा मोठ्या माणसांचा मामला होता. त्यात आमच्यासारख्या पोराला जागा नव्हती.

नंबर ३ : संजू

'शाका लाका बूम बूम'. २००० सालची मालिका, दूरदर्शनवरून पुढे स्टार प्लसवर गेली, आणि तिथला संजू म्हणजे किंशुक वैद्य. जादूची पेन्सिल! जे चित्र काढाल ते खरं. या हिरोला ना स्नायू, ना केप. तो तुमच्यासारखा शाळेत जायचा, गृहपाठाला घाबरायचा. तसल्या पेन्सिली दुकानात यायला लागल्या आणि मी हट्ट करून एक घेतली. पापलेट काढलं, आइस्क्रीम काढलं, नवी सायकल काढली. काहीही प्रकट झालं नाही. पण वहीभर चित्रं मात्र झाली. विश्वास ठेवून फसलात तरी नुकसान काय, तर एक वही. मी तर म्हणेन, फायदाच. नंबर तीन पक्का.

नंबर २ : सोनपरी

'परीला सुपरहिरो कसं म्हणणार?' असं पॅन्ट्रीत एकाने विचारलं. त्याला मी आमच्या अंगणातला खेळ सांगितला. आम्ही शक्तिमान शक्तिमान खेळायचो, तेव्हा मी कायम गीता विश्वास. का? तर मी मुलगी. गीता पत्रकार होती, हुशार होती, पण आमच्या खेळात तिला एकच काम, पकडलं जाणं आणि "वाचवा" ओरडणं. पाच पोरं आळीपाळीने शक्तिमान व्हायची आणि मी फणसाला बांधलेली!

मग २००० मध्ये सोनपरी आली. मृणाल कुलकर्णी, म्हणजे आईच्या पिढीसाठी 'स्वामी'तली रमा. आणि फ्रूटी झालेली तन्वी हेगडे. आई गमावलेल्या एका मुलीला सोन्याचा चेंडू मिळतो आणि हाक मारली की परी येते. सोबत गोंधळ घालायला अल्तू अंकल. इथे वाचवणारीही बाई आणि जिची गोष्ट आहे तीही मुलगी. आणि परी करायची काय? बऱ्याचदा फक्त ऐकून घ्यायची. दिवसभराचं रडगाणं कुणीतरी ऐकणं ही केवढी मोठी सुपरपॉवर आहे, हे ऑफिसात दहा वर्षं काढल्यावर कळतं. फणसाला बांधलेल्या सगळ्या गीतांच्या वतीने, नंबर दोन.

(उत्तेजनार्थ : अंगठीवाला 'ज्युनियर जी' आणि २००२ चा 'आर्यमान'. आर्यमान झालेले पुन्हा मुकेश खन्नाच. एका माणसाने किती वेळा जग वाचवायचं?)

नंबर १ : शक्तिमान

हो हो, माहितीये. 'यात काय नवीन?' असंच म्हणाल. सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५, चारशेहून जास्त भाग. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, 'आज की आवाज'चा बावळट फोटोग्राफर, हात वर करून गरगर फिरला की शक्तिमान. समोर तमराज किल्विष, त्याचं ते 'अंधेरा कायम रहे'. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बघितली. ग्राफिक्स बघून हसावं की रडावं, कळेना. पण माझा पहिला नंबर त्यासाठी नाहीच आहे.

आता गडग्याची गोष्ट. १९९८ ची मे महिन्याची सुट्टी. माझा आत्येभाऊ तेव्हा सहा वर्षांचा, मी दहाची. त्या दिवशी मी गीता व्हायचा साफ कंटाळा केला. म्हटलं, "रोज मीच का? आज तू पड. शक्तिमान येईल तुला वाचवायला." तो म्हणाला, "खरंच येईल?" मी म्हटलं, "येईल की!" मला वाटलं, खेळातलाच शक्तिमान. त्याला वाटलं, खरा.

गडगा म्हणजे आमच्याकडची जांभ्याची कुंपणाची भिंत, पुरुषभर उंच. तो वर चढला, आभाळाकडे बघून जोरात हाक मारली, थोडा थांबला आणि त्याने उडी टाकली. हात मोडला. पण मला आजही आठवतं ते वेगळंच. तो लगेच रडला नाही. उताणा पडून आधी वर बघत राहिला. वाट बघत. मग रडला.

आजी धावत आली. "मेल्या, तो टीवीतला येनार हाय काय तुला उचलायला?" असं म्हणत तिनेच त्याला उचललं. मला कुणी काही बोललं नाही. कारण 'येईल की' हे दोन शब्द मी कुणाला सांगितलेच नाहीत. आज पहिल्यांदा सांगतेय.

त्या काळात देशभरातून अशा बातम्या येत होत्या. शक्तिमान वाचवेल म्हणून पोरांनी गच्चीवरून उड्या टाकल्या, स्वतःला पेटवून घेतलं, असं छापून यायचं. त्यातल्या किती खऱ्या यावर वाद झाले, मालिका बंद करा अशीही ओरड झाली. मला त्या बातम्यांचं माहीत नाही, पण आमच्या अंगणातली मी डोळ्यांनी पाहिली होती.

आणि मग शक्तिमानने जे केलं ते लिस्टमधल्या दुसऱ्या कुणी केलं नाही. तो गोष्टीच्या बाहेर आला. त्याच वेषात पोरांशी थेट बोलला. मी करतो ते करून बघू नका, सांगायला लागला. भागाच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें', पुढे 'सॉरी शक्तिमान'. दात घासा, खोटं बोलू नका, चूक झाली तर कबूल करा. आम्ही तेव्हा या भागाला बोअर म्हणायचो. पण विचार करा, ज्याचा सगळा धंदा 'मी येईन' यावर चालतो, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं की माझ्या भरवशावर उडी टाकू नका! ब्रँड मॅनेजरला विचारून बघा, तो असं करू देईल का.

उशिरा सांगितलं, हे खरं. प्लास्टरमध्ये हात घालून टीव्हीसमोर बसलेला आमचा भाऊ तेव्हा एवढंच म्हणाला होता, "हे आधी नाही का सांगायचं?" बरोबर होतं त्याचं. पण सांगितलं. मला तर अजून त्याला नीट सॉरी म्हणायला जमलं नव्हतं.

नव्हतं, म्हणजे गेल्या गणपतीपर्यंत. आत्येभाऊ आता मिरजोळ्यातच, एमआयडीसीत नोकरीला. त्याचा मुलगा सहा वर्षांचा. आरतीनंतर बघते तर चिरंजीव त्याच गडग्यावर, खांद्याला टॉवेल बांधून, मोबाइलवरच्या कुठल्यातरी हिरोच्या नावाने ओरडतायत. माझ्या पोटात गोळा आला. भाऊ ओरडला नाही, पळालाही नाही. शांतपणे चालत गेला, गडग्याखाली उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "तो नाही येत रे. मी आलोय. ये, हळू उतर."

रात्री पडवीत मी त्याला 'येईल की'ची गोष्ट सांगितली. सत्तावीस वर्षांनी. तो हसला. म्हणाला, "मला वाटलं, तू विसरलीस." म्हणजे त्याला सगळं आठवत होतं!

सोमवारी लिस्ट पॅन्ट्रीत लागली. जपानवेड्याने शांतपणे वाचली, चहा संपवला आणि म्हणाला, "म्हणजे तुमचा पण कूगाच निघाला." मी म्हटलं, "असेल. पण आमचा गरगर फिरतो."

तुमचा नंबर वन कोण? आणि त्याच्या नादात कुणाला 'येईल की' म्हणाला असाल, तर या वीकेण्डला त्याला एक फोन करून टाका.