वेशीपलीकडचा शेजारधर्म

अकबर बादशहा आणि बिरबल यांची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. नगरातील प्रत्येकाने रात्रीच्या अंधारात एकेक तांब्या दूध हौदात ओतावे, अशी आज्ञा झाली. एवढ्या दुधात आपले तांब्याभर पाणी कोणाच्या ध्यानी येणार, असा विचार प्रत्येकाने केला. आणि सकाळी पाहतात तो हौद नुसत्या पाण्याने भरलेला! त्या नगरीतील माणसे काही दुष्ट नव्हती. प्रत्येकाने आपला वाटा शेजाऱ्यावर सोपविला, एवढेच.

आज पृथ्वीभोवतालच्या वातावरणाचा असाच एक हौद झाला आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो. पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता तो अडवून धरतो. त्यामुळे तापमान वाढत आहे. उन्हाळा अधिक प्रखर आणि पाऊस अधिक लहरी होत चालला आहे. हा वायू कोठूनही निघो, तो साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. गावाला वेस असते. वाऱ्याला वेस नसते.

यावर कोणी म्हणेल, “आमचे गाव ते केवढे! आम्ही धूर कमी केला म्हणून जगाचे असे काय भले होणार?” हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. लहान गावाचा धूर मोठ्या शहराच्या मानाने थोडा असतो. म्हणून अधिक भार शहरांनीच उचलला पाहिजे. परंतु हौद पाण्याने भरला तो याच विचाराने, हे विसरून कसे चालेल? केरळातील वायनाड जिल्ह्यात मीनंगाडी नावाची ग्रामपंचायत आहे. 2016 साली तिने कार्बनचा जमाखर्च समान करण्याचा संकल्प केला. म्हणजे गावातून जेवढा वायू हवेत जाईल, तेवढा झाडांनी व जमिनीने शोषून घ्यावा. पुढे तेथे एक वृक्षपेढी निघाली. शेतकऱ्याने आपली झाडे तारण ठेवावी, बिनव्याजी कर्ज घ्यावे आणि ती झाडे तोडू नयेत, अशी तिची योजना. आपल्या तांब्यात दूधच असले पाहिजे, असे या लहानशा पंचायतीने ठरविले.

तथापि एकट्याच्या बळाला मर्यादा असते. डोंगर वरच्या गावच्या शिवारात असतो आणि ओढा खालच्या गावातून वाहतो. वरच्यांनी झाडे तोडली, तर डोंगराची माती वाहून खालच्यांचा तलाव गाळाने भरतो. वरच्यांनी चर खणून पाणी मुरविले, तर खालच्यांच्या विहिरींना त्याचा आधार होतो. अशा वेळी दोन्ही पंचायतींनी एकत्र बसून काम व खर्च वाटून घेतला नाही, तर दोघींचेही नुकसान ठरलेले.

शहरांनाही हाच न्याय लागू आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शेजारी महानगरपालिका. दोघींच्या बसगाड्या पूर्वी वेगवेगळ्या होत्या. मुलगा एका शहरात राहतो आणि त्याचे महाविद्यालय दुसऱ्या शहरात. त्याला शहराच्या हद्दीशी काय कर्तव्य? 2007 साली या दोन्ही सेवांची मिळून एकच संस्था झाली. 2019 पासून तिच्या ताफ्यात विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या. अद्याप गर्दी आहे, तक्रारीही आहेत. परंतु 40-50 माणसे एका गाडीतून गेली, तर रस्त्यावरची कितीतरी वाहने आणि त्यांचा धूर कमी होतो. हे काम कोणत्याही एका शहराला एकट्याने साधले नसते.

2 ऑक्टोबर 2020 रोजी महाराष्ट्र शासनाने ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांना धरून गावांच्या व शहरांच्या कामाला गुण द्यावे, उत्तम काम करणाऱ्यांना पारितोषिके द्यावी, अशी त्याची पद्धत. चढाओढीने उत्साह वाढतो, यात शंका नाही. परंतु शर्यतीत शेजारी मागे पडला, तर जिंकणाऱ्याला आनंद होतो. येथे मात्र शेजारी मागे पडला, तर जिंकणाऱ्याचाही उन्हाळा अधिक तापतो. म्हणून पहिल्या आलेल्या गावाने आपली युक्ती शेजारच्या गावाला शिकवावी, यातच त्या पारितोषिकाची खरी शोभा आहे.

घराला आग लागली असता शेजारी धावून येतो, तेव्हा तो केवळ उपकार करीत नाही. तो आपलेही घर वाचवीत असतो. दोन पंचायतींचे, दोन नगरांचे नाते याहून निराळे नाही. अंधारात एकेकट्याने हौदाशी जाण्याचे दिवस आता गेले. सर्वांनी उजेडात, एकमेकांच्या देखत आपापला तांब्या ओतला, म्हणजे हौद दुधाने भरल्यावाचून राहणार नाही.