कमरेला रिव्हॉल्व्हर लावण्याआधी घरात बोला!

रायपूरच्या सदर बाजारात रात्री दुकानांची शटरं खाली आली की सराफाच्या डोक्यावर एक ओझं चढतं. दिवसभराची रोकड, दुरुस्तीला आलेले दागिने आणि घरापर्यंतचा रस्ता! पंडरीच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्याचं किंवा एखाद्या राईस मिलच्या मालकाचं दुखणं वेगळं नाही. मग कधीतरी जेवताना विषय निघतो, "एक छोटं रिव्हॉल्व्हर घेऊन टाकू का? शर्टाखाली दिसणारही नाही." वाढता वाढता बायको विचारते, "अहो, पण ते घरी ठेवणार कुठे? तुमच्या किल्ल्या कुठे असतात ते धाकट्यालासुद्धा ठाऊक आहे!"

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. पण त्याच्याआधी आणखी काही प्रश्न येतात. ते क्रमाने पाहू.

परवाना म्हणजे हक्क नव्हे

दुकानात जाऊन 'दाखवा बरं' म्हणावं अशी ही वस्तू नाही. शस्त्र कायदा १९५९चा आणि सध्याची नियमावली २०१६ची. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा किंवा जिथे पोलीस आयुक्तांना हा अधिकार आहे तिथे त्यांच्याकडे. मग पोलिसांची चौकशी होते. शरीर आणि मन ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. 'भीती वाटते' एवढं सांगून भागत नाही, गरज पटवावी लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे.

सिनेमातल्या हीरोच्या हातात दिसतं ते ९ एमएम पिस्तूल मात्र विसरा. ९ एमएम, .३८ आणि .४५ हे बोअर सामान्य नागरिकाला बंद आहेत. आपल्या वाट्याला मुख्यतः .३२ आणि त्याहून लहान .२२ येतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची आयातही सामान्यांसाठी बंद झाली. म्हणून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला आजही डोळे पांढरे करणारा भाव मिळतो. नावाला भुलून खिळखिळा माल पदरात घेणारेही कमी नाहीत.

छोटं म्हणजे किती छोटं?

कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर अनेक वर्षं परवानाधारकांच्या ओळखीचं आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्याच फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' आणलं. दिल्लीच्या २०१२च्या घटनेतल्या 'निर्भया'च्या आठवणीने हे नाव दिलेलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, पर्समध्ये मावेल असं. डबी तर दागिन्यांच्या डबीसारखी, गडद किरमिजी रंगाची! किंमत मात्र त्या वेळी १ लाख २२ हजार ३६० रुपये. शस्त्रनियंत्रणासाठी झटणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच यावर कडक टीका केली होती. बाईच्या हातात पिस्तूल देऊन सरकारने आपली जबाबदारी झटकू नये, हा त्या टीकेचा रोख होता.

पुढे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं .२२ बोअरचं 'निडर' आलं, वजन जेमतेम पाव किलो. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड २०२१ मध्ये मोडीत निघालं आणि हे कारखाने ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले. तिने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' बाजारात आणलं. ते .३२ बोअरचं, वजन गोळ्यांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटरची. याचं चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे गोळ्या भरण्यासाठी जुन्यासारखं रिव्हॉल्व्हर मधून मोडावं लागत नाही.

आता घ्यायचं कोणतं? बहुतेकांचा हात सगळ्यात हलक्याकडे जातो. पण एकाच ताकदीची गोळी हलक्या शस्त्रातून सुटली की धक्का जास्त बसतो. मूठ छोटी असली की पकड सुटते. नळी आखूड असली की नेम चुकायला जरासा हात हलणंही पुरतं. म्हणून आधी आपल्या हातात बसतं का ते पाहावं. तीन बोटं मुठीवर नीट टेकतात का? डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी न ओढता, चाप पूर्ण दाबताना नळी हलते का? भरलेलं शस्त्र हातातून पडलं तर आपोआप गोळी सुटू नये यासाठी आत काय सोय आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं. आणि हे सगळं रिकाम्या शस्त्रावर, विक्रेत्याच्या देखत. चक्र उघडून, सगळी घरं रिकामी असल्याचं आपल्या डोळ्यांनी पाहून मगच!

होल्स्टर : निम्मी सुरक्षा इथेच

लाखाचं रिव्हॉल्व्हर घेणारा माणूस होल्स्टर घेताना मात्र शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. खरं तर अपघात टाळणारी वस्तू तीच. होल्स्टर त्याच मॉडेलच्या मापाचं हवं आणि चाप त्यात पूर्ण झाकला गेला पाहिजे. तोंड कडक हवं, म्हणजे शस्त्र काढल्यावर ते चिपकत नाही आणि परत ठेवताना कातड्याची घडी चापात अडकत नाही. वर अंगठ्याने उघडणारी पट्टी असावी. स्कूटरवर खड्ड्यात आदळलं किंवा वाकून शटर ओढलं तरी रिव्हॉल्व्हर जागचं हलता कामा नये. आणि पट्टा? साधा नरम पट्टा अर्ध्या किलोने लोंबतो, जाड पट्टा घ्यावा.

दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्याला पोटाजवळचं होल्स्टर टोचतं. त्याला कमरेच्या बाजूचं बरं. पाठीच्या मध्यावर मात्र नको, पाय घसरून पडलात तर मणक्यालाच मार. खिशात ठेवणार असाल तर खिशाचं वेगळं होल्स्टर घ्या आणि त्या खिशात किल्ली, सुटे पैसे, काही नको. पर्समध्ये ठेवणं सगळ्यात धोक्याचं. पर्स खुर्चीवर राहते, चोर ओढतो, नातू चॉकलेट शोधायला हात घालतो.

रायपूरचा उन्हाळा तर सांगायलाच नको! घाम चामड्यात मुरतो आणि पोलादाला गंज चढतो. रोज घरी आल्यावर शस्त्र पुसावं आणि होल्स्टरमध्ये कोंडून ठेवू नये.

शस्त्र झाकणं ही काही केवळ आपली हौस नाही. २०१६च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. खास परवानगीशिवाय जत्रेत, मिरवणुकीत, शाळा-कॉलेजच्या आवारात नेता येत नाही. नागपूरला मामेभावाच्या लग्नाला निघालात? परवाना कोणत्या हद्दीपुरता चालतो ते आधी वाचा. आणि वरातीत हवेत बार काढलात तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही!

गोळी सुटल्यानंतर

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. पण त्याला माप आहे, गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पिशवी टाकून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीत तर पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल. गर्दीच्या गोल बाजारात नेम चुकला तर कोणाला लागेल, याचा विचार तर करवतही नाही.

आणि शस्त्र असलं म्हणजे वाचलोच, असंही नाही. २५ मे २०१३ रोजी बस्तरच्या दरभा घाटीत काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला झाला. महेंद्र कर्मांना झेड प्लस सुरक्षा होती, तरी ते वाचले नाहीत. दबा धरून बसलेल्याकडे पहिले दोन सेकंद असतात, आपल्याकडे नसतात. लुटारूही मागूनच येतो.

घरातला धोका वेगळाच. अमेरिकेत १९९३ साली डॉ. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला. मारणारा बहुतेकदा घरातला किंवा ओळखीचाच होता. तिथली घरं वेगळी, मान्य. पण राग, दारू, परीक्षेत नापास झालेला मुलगा आणि उदास झालेलं माणूस कुठल्या घरात नसतं?

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी आहे का, जिची किल्ली एकाच माणसाकडे राहील आणि गोळ्या वेगळ्या कुलपात राहतील? वर्षातून काही वेळा तरी परवानगी असलेल्या रेंजवर जाऊन सराव करायची तयारी आहे का? आणि घरात कोणी दारूच्या, संतापाच्या किंवा नैराश्याच्या आहारी आहे का? पहिल्या दोहोंपैकी एकाचं उत्तर 'नाही' किंवा तिसऱ्याचं 'हो' आलं, तर विषय तिथेच मिटवावा. रोकड दुपारीच बँकेत भरणं, रोज रस्ता आणि वेळ बदलणं, दोघांनी मिळून दुकान बंद करणं आणि संशय येताच ११२ फिरवणं, हे उपाय स्वस्तही आहेत आणि ते उलटून आपल्यालाच लागत नाहीत.

जाता जाता एक सूचना. कित्येक घरांत आजोबांचं जुनं शस्त्र कपाटात पडून असतं. परवानाधारक वारल्यावर ते 'आठवण' म्हणून ठेवणं गुन्हा ठरू शकतो. ते लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारसाला हवं असेल तर त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. आठवणीसाठी आजोबांचा फोटो आहेच की!