आधी सांगाडा, मग जहाज

वार्षिक परीक्षा संपली की सुट्टीतल्या 'प्रोजेक्ट'ची यादी मुलांच्या हातात पडते. सुट्टी कधी सरते ते कळत नाही आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून तयार जहाज घरी येते. थर्माकोलचे, वर चमकी लावलेले. मुलाला गुण मिळतात, अम्मीची काळजी मिटते आणि चार दिवसांत जहाजाचे शीड मोडून पडते. त्या जहाजातून मूल काय शिकले, हे मात्र कोणी विचारत नाही.

या महिन्यात आम्ही त्याच जहाजाबद्दल लिहीत आहोत, पण लाकडाच्या, आणि घरी हाताने केलेल्या. संपूर्ण जहाजाबद्दलही नव्हे, फक्त त्याच्या सांगाड्याबद्दल. रंग, शीड, झेंडा हे सगळे नंतरचे. शिकण्यासारखे जे आहे ते सांगाड्यातच आहे.

बालाघाटच्या डोंगरात, येरमाळ्यात बसून जहाजाच्या गोष्टी कसल्या, असे कोणी म्हणेल. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, हे खरेच आहे. पण समुद्रापासून दूर असलेल्या याच मराठवाड्यात, अजिंठ्याच्या लेण्यात, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एका चित्रकाराने भिंतीवर शिडाचे जहाज रंगवून ठेवले आहे. त्या चित्रावरून आपल्या काळात खरे जहाज बांधले गेले. भारतीय नौदल, केंद्राचे सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात २०२३ मध्ये करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली सुतारांनी फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीत ओमानच्या मस्कत बंदराला लागले.

यात आमच्या विषयाची एक गोष्ट आहे. जहाजाचा जुना नकाशा कोणाकडे नव्हता, होते ते फक्त चित्र. म्हणून मोठ्या जहाजाबरोबर लहानही करावे लागले. मद्रास आयआयटीच्या सागरी अभियांत्रिकी विभागात त्याच्या प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. म्हणजे लाकडी जहाजाची प्रतिकृती हा केवळ मुलांचा खेळ नाही. मोठे काम करण्याआधी मोठी माणसेही ती करतात.

जहाज बांधण्याच्या दोन रीती आहेत. शिवलेल्या जहाजात आधी फळ्या जोडून पोट तयार होते आणि बरगड्या मागाहून आतून बसवतात. दुसऱ्या रीतीत आधी कणा, मग बरगड्या, आणि शेवटी वरून फळ्या. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने इंग्रजांच्या आरमारासाठी जी मोठी जहाजे बांधली, त्यांत आधी सांगाडा उभा राहत असे. त्यांपैकी 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. त्याचे नकाशे १८१२ साली 'जावा' या जहाजाने मुंबईकडे निघाले होते. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या युद्धनौकेशी लढाई झाली आणि जहाजाबरोबर नकाशेही गेले. तेव्हा कोणी अंदाजाने काम सुरू केले नाही. नकाशे नव्याने मागवले गेले. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून ते जहाज तयार झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. दोनशे वर्षांहून अधिक काळ ते टिकले, त्यात सागवानाचा वाटा आहे तसा त्या थांबण्याचाही आहे.

सूरह अल-कमरमध्ये हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या किश्तीचा उल्लेख आहे. तिथे किश्तीचे नाव न घेता फळ्या आणि 'दुसुर' या दोन वस्तूंनी तिची ओळख दिली आहे. दुसुर म्हणजे खिळे, असा अर्थ सर्वसाधारणपणे केला जातो. पण अरबी शब्दकोशांत त्याचा आणखी एक अर्थ दिलेला आहे : फळ्या शिवण्याची खजुरीच्या तंतूंची दोरी. खिळा असो की दोरी, उल्लेख आहे तो जोडणीचा. आणि हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. हातात करवत धरणे हे कमीपणाचे काम नाही, एवढे तरी आपल्या मुलांना यातून कळावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवशिक्यांसाठी आधी सांगाडा ही रीत सोपी.

पहिले काम कागदावर. 'कौंडिण्य' सुमारे २० मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद आहे. एका मीटरला २ सेंटिमीटर धरले, तर आपले जहाज ४० सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद होईल. आलेख कागदावर बाजूने दिसणारी आणि वरून दिसणारी अशा दोन आकृत्या काढा. लांबीचे ४ सेंटिमीटरचे दहा भाग पाडा. मधल्या नऊ रेघांवर नऊ बरगड्या येतील. प्रमाण हा धडा फळ्यावर जितका अवघड जातो तितका इथे जात नाही.

दुसरे काम कण्याचे. कोकणातले नाखवे जहाजाच्या कण्याला 'पठाण' म्हणतात. नाखवा हा शब्द फारसीतल्या नाखुदावरून आला, हे उर्दू जाणणाऱ्या वाचकांच्या लक्षात येईलच. कण्यासाठी ६ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घ्या, किंवा सुताराकडे उरलेली सागवानाची सरळ पट्टी. ती डोळ्यासमोर आडवी धरून टोकापासून टोकापर्यंत पाहा. बाक दिसला तर ती बाजूला ठेवा. कणा वाकडा असेल तर पुढचे कोणतेही काम सरळ होणार नाही.

तिसरे काम बरगड्यांचे. खरे जहाज बांधताना सुतार मुळातच वाकलेली फांदी शोधतात, म्हणजे लाकडाचे तंतू तुटत नाहीत. आपल्या शिवारातली बाभूळ त्यासाठी नावाजलेली. आपल्याला ४ मिलिमीटरचा प्लायवूड पुरे. कागदाची घडी घालून बरगडीचा अर्धाच आकार काढा आणि घडीसह कापा. उलगडल्यावर डावी-उजवी बाजू सारखीच निघेल. मधली बरगडी सर्वांत रुंद, टोकांकडच्या निमुळत्या. हे आकार प्लायवूडवर उतरवून बारीक करवतीने कापा. रेघेच्या थोडे बाहेरून कापावे, राहिलेले कानशीने काढता येते. जास्त कापलेले परत लावता येत नाही.

चौथे काम खाचांचे. कण्याला वरून अर्ध्या खोलीपर्यंत आणि बरगडीला खालून तेवढीच खाच पाडायची. कण्यातली खाच बरगडीच्या जाडीएवढी आणि बरगडीतली कण्याच्या जाडीएवढी. दोन्ही एकमेकांत अंगठ्याच्या दाबाने बसल्या पाहिजेत. हातोडी लागत असेल तर खाच अरुंद आहे, हलत असेल तर रुंद.

पाचवे काम जुळवणीचे. फेविकॉलची बाटली अजून उघडू नका. आधी सगळा सांगाडा कोरडाच उभा करा. प्रत्येक बरगडीला गुण्या लावून काटकोन तपासा. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरा ताणून प्रत्येक बरगडीचा मध्य त्याखाली येतो का ते पाहा. मगच चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. मुलांना सगळ्यात जड जाते ते हेच.

शेवटची परीक्षा कामटीची. बांबूची पातळ, लवचीक कामटी पुढून मागे सगळ्या बरगड्यांवरून वाकवून धरा. ती प्रत्येक बरगडीला टेकली पाहिजे. जिथे फट राहते तिथे पातळ चकती चिकटवा, जिथे बरगडी कामटीला वर ढकलते तिथे कानस चालवा. टोकांकडच्या बरगड्यांच्या कडा तिरप्या घासाव्या लागतात. नुसत्या डोळ्यांना सांगाडा सुरेख दिसतो, पण कामटी चूक दाखवते, आणि तीही न रागावता. पालकांनी रागावून सांगितलेली चूक मूल लपवते. कामटीने दाखवलेली चूक ते स्वतःच्या हाताने दुरुस्त करते. हे आम्ही वर्गात पाहिले आहे.

पालकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. करवत चालताना जवळ बसा, पण करवत हातातून घेऊ नका. मुलींनाही हे काम द्या, माप आणि सफाई त्यांना शिवणकामातून आधीच ठाऊक असते. आणि गावातल्या सुताराकडे मुलाला एक तास घेऊन जा, त्यांना सलाम करून शिकवायची विनंती करायला सांगा. पुस्तकात नसलेले बरेच काही त्या एका तासात मिळते.

आणि आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. सुट्टी संपेपर्यंत एखाद्या मुलाचा फक्त सांगाडाच तयार झाला असेल, फळ्या नसतील, रंग नसेल, तर तो तसाच स्वीकारा. त्याला विचारा की कणा सरळ आहे हे तू कसे तपासलेस? उत्तर देता आले तर पूर्ण गुण द्या. दुकानातल्या चमकीच्या जहाजाला आपण गुण देत राहिलो, तर मुले चमकीच आणत राहतील. फळ्या पुढच्या सुट्टीत चढतील, इन्शाअल्लाह.