वाद आणि टोमणा

दोन ज्यू एकत्र आले की मते तीन होतात, असा एक विनोद आहे आणि तो ज्यू लोकच मोठ्या हौसेने सांगतात. विनोद बाजूला ठेवला तरी वस्तुस्थिती फारशी वेगळी नाही. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. मंदिराबरोबर तिथले बलिविधी गेले, पुरोहितांचा अधिकार गेला. हाती उरला तो ग्रंथ, आणि त्या ग्रंथाच्या अर्थावरून चालणारा वाद. पुढे हे लोक बाबिलोनपासून स्पेन-पोलंडपर्यंत विखुरले. त्यांना एकत्र बांधून ठेवणारे पुष्कळ धागे विद्वान दाखवतात; पण त्यांतला एक फार चिवट धागा या वादाचाच आहे, असे मला वाटते. वादाने माणसे तुटतात हा आपला नेहमीचा अनुभव. मग यांची जोडलेली कशी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. भांडायला आपण तरी कुठे कमी आहोत!

तालमुदाचे एक पान डोळ्यांसमोर आणावे. मधोमध मिश्ना, म्हणजे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेला नियमसंग्रह, आणि तिच्यावर नंतरच्या तीन-चार शतकांत बाबिलोनच्या पाठशाळांत झालेली चर्चा. एका कडेला अकराव्या शतकातल्या फ्रान्समधील राशीची टीका. दुसऱ्या कडेला 'तोसाफोत', ती लिहिणाऱ्यांत राशीचे सख्खे नातू आहेत, आणि आजोबांचे अमुक ठिकाणी चुकले असे ते बेधडक सांगतात. ही मांडणी पक्की केली ती व्हेनिसमधल्या डॅनिएल बोम्बर्ग नावाच्या एका ख्रिस्ती मुद्रकाने, १५२० ते १५२३ या काळात. हजार वर्षांच्या अंतरावरची माणसे एकाच ओसरीवर बसून बोलत आहेत असे ते पान दिसते. आपल्या या अंकातही मराठी आणि कानडी विभाग एकाच शिलाईत बांधलेले असतात; पण एका विभागातल्या लेखाला दुसऱ्या विभागाने उत्तर दिल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्याकडे नुसता शेजार आहे. त्या पानावर शेजार म्हणजेच उत्तर.

या पानावर जिंकलेला पक्ष राहतो आणि हरलेलाही राहतो. हिल्लेल आणि शम्माई यांच्या शिष्यांची दोन घराणी होती आणि शेकडो प्रश्नांवर त्यांचे पटत नसे. एकदा तीन वर्षे वाद चालला, तेव्हा आकाशवाणी झाली की दोघांचेही बोलणे ईश्वराचेच आहे, मात्र आचरणात हिल्लेलच्या घराण्याचे मत चालावे. दोघेही बरोबर, तर मग हिल्लेलला झुकते माप का? तालमुदाने कारण दिले आहे ते बुद्धीचे नाही, सभ्यतेचे आहे. हिल्लेलचे शिष्य सौम्य होते. ते आपल्या मताबरोबर शम्माईचे मतही शिकवीत, इतकेच नव्हे तर शम्माईचे मत आधी सांगून मग आपले सांगत. आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष आधी मांडावा असा दंडक घातला, त्याचीच ही सख्खी बहीण. आणि एवढे मतभेद असूनही या दोन घराण्यांनी आपसांतले बेटीव्यवहार थांबवले नाहीत, हेही तिथेच नोंदले आहे. मला तर आकाशवाणीपेक्षा हीच नोंद मोलाची वाटते.

बहुमताने निर्णय झाल्यावर अल्पमत टिपून ठेवायचे कशाला, असा प्रश्न मिश्नेतच विचारला आहे. त्याचे एक उत्तर असे, की पुढे केव्हा तरी एखाद्या न्यायसभेला त्या एकट्याच्या मताचा आधार घ्यावासा वाटला, तर तो हाताशी असावा. न्यायसभेची रीतही लक्षात घ्यावी. देहांताच्या खटल्यात मते विचारायला सुरुवात कनिष्ठांपासून करायची, म्हणजे ज्येष्ठ काय बोलले हे ऐकून धाकट्यांची जीभ अडखळू नये. आणि सगळेच न्यायाधीश एकमुखाने दोषी म्हणाले, तर आरोपीला सोडून द्यावे असेही एक मत तालमुदात आहे. ज्या सभेत आरोपीच्या बाजूने बोलणारा एकही निघत नाही, त्या सभेत विचार झालाच नसावा, असा याचा अर्थ मी लावतो. आपल्याकडे 'ठराव एकमताने मंजूर' म्हटले की टाळ्या पडतात.

येथवर सारे छान आहे, आणि ज्यू परंपरेचे कौतुक करणारे बहुतेक लेखक येथेच थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे. इतका वाद चालवायचा तर त्याला कुंपण हवे, आणि ते कुंपण मताला घातलेले नाही, शब्दाला घातले आहे. मालाच्या व्यवहारात फसवणूक करू नये हे सांगणाऱ्या प्रकरणातच शब्दांनी दुखवू नये हा नियम येतो. सुधारलेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या वागण्याची आठवण करून देऊ नये. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करणे म्हणजे रक्त सांडण्यासारखे आहे. कारण त्या वेळी चेहऱ्यावरची लाली जाते आणि तो पांढराफटक पडतो.

याच प्रकरणात एका भट्टीची प्रसिद्ध कथा आहे. ती भट्टी शुद्ध की अशुद्ध यावरून राब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकीचे सारे दुसरीकडे. एलिएझरचे म्हणणे खरे ठरवण्यासाठी झाड उपटून दूर गेले, पाण्याचा प्रवाह उलटा वाहिला, पाठशाळेच्या भिंती कलल्या, शेवटी आकाशवाणीही झाली. तेव्हा राब्बी यहोशुआ उठून म्हणाले की नियमशास्त्र एकदा माणसांच्या हाती दिले गेले आहे, आता आकाशाला मत नाही; निर्णय बहुमताने होईल. देव हे ऐकून हसला आणि आपल्या लेकरांनी आपल्याला हरवले म्हणाला, असे सांगतात. कथा येथवर सांगून लोक बुद्धिस्वातंत्र्याचा जयजयकार करतात. पण कथा येथे संपत नाही. जिंकलेल्यांनी मग एलिएझरने शुद्ध ठरवलेल्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यालाच बहिष्कृत केले. ही बातमी त्याला कोणी सांगायची? अकिवा हा त्याचा शिष्य गेला, काळी वस्त्रे नेसून, चार हात लांब बसून, शब्द जपून सांगितले. म्हातारा रडला. बहिष्कारामागे सभाप्रमुख रब्बान गम्लिएल होते, आणि एलिएझरची बायको त्यांचीच बहीण. नवऱ्याने दुःखाने जमिनीवर पडून प्रार्थना करू नये म्हणून ती त्याला जपत होती. एक दिवस तिची नजर चुकली, आणि तिकडे भाऊ मेला. बहुमताला निर्णयाचा अधिकार होता. हरलेल्याला चिरडण्याचा नव्हता. कथा शब्दांनी दुखवण्याच्या प्रकरणात घातली आहे, ती उगाच नव्हे.

दुसरी कथा मला याहूनही बोचते. तिसऱ्या शतकात तिबेरियास गावी राब्बी योहानान आणि त्यांचा मेहुणा रेश लाकीश अशी अभ्यासाची जोडी होती. ज्यूंच्या पाठशाळेत आजही जोडीनेच अभ्यास करतात. दोघे समोरासमोर बसून मोठमोठ्याने हुज्जत घालतात. आपल्या ग्रंथालयातील 'शांतता राखा' ही पाटी तिथे कुणाला समजणार नाही. हा रेश लाकीश तरुणपणी दरोडेखोर होता. योहानाननेच त्याला विद्येच्या वाटेवर आणले आणि आपली बहीण दिली. एक दिवस प्रश्न निघाला की तलवार-सुरी घडवून पूर्ण झाली असे केव्हा मानावे, भट्टीतून निघाल्यावर की पाण्यात बुडवून चकाकल्यावर. मते जुळली नाहीत. तेव्हा योहानान बोलून गेले की दरोडेखोराला आपल्या धंद्याची माहिती असायचीच. संपले. रेश लाकीश दुखावला, आजारी पडला आणि मेला. योहानानचे चित्त ठिकाणावर राहीना म्हणून दुसरा एक विद्वान त्यांच्याबरोबर बसवला. योहानान काहीही बोलले की हा त्याला आधाराचे वचन काढून देई. योहानान त्याच्यावर चिडले : मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? रेश लाकीश माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस आक्षेप काढी, मी चोवीस उत्तरे देई, आणि विषय उलगडत जाई. मग ते त्याचे नाव घेत हिंडत राहिले आणि वेडे होऊन गेले.

चोवीस आक्षेपांनी त्या मैत्रीला ओरखडाही पडला नव्हता. एका टोमण्याने ती संपली.

हे कुंपण त्यांनी नेहमी सांभाळले असे मात्र म्हणता येत नाही. याच रब्बान गम्लिएलांनी पूर्वी एकदा यहोशुआला भर सभेत उभे करून अपमानित केले, तेव्हा सभेने त्यांना पदावरून काढले. त्या दिवशी दारावरचा राखणदार हलवला आणि विद्यार्थ्यांची एवढी गर्दी झाली की शेकडो बाके वाढवावी लागली, असे वर्णन आहे. पण दार उघडले ते पुरुषांपुरतेच. बायकांना तालमुदाचे शिक्षण शतकानुशतके मिळाले नाही. ठरलेले रोज एक पान वाचून साडेसात वर्षांत २,७११ पाने पुरी करण्याची प्रथा १९२३ मध्ये सुरू झाली; जानेवारी २०२० मध्ये तिची एक फेरी संपली तेव्हा जेरुसलेममध्ये हजारो स्त्रियांनी आपला स्वतंत्र समारोप साजरा केला. एवढा उशीर लागला. आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यूंनी १६५६ मध्ये २३ वर्षांच्या स्पिनोझाला बहिष्कृत केले तेव्हा चोवीस आक्षेपांची परंपरा कुठे गेली होती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल, पण अगदीच तसे नाही. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे ज्यू. तालमुदाच्या पाठशाळा त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. परंतु वल्हांडणाच्या सणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' ही पोथी १८४६ मध्येच मुंबईला मराठी भाषांतरासह छापली गेली. त्या रात्री घरातल्या लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात. प्रश्नाशिवाय कथा सुरूच होत नाही. पोथीत चार मुलगे येतात : शहाणा, दुष्ट, साधाभोळा आणि ज्याला विचारताच येत नाही तो. दुष्टाला उत्तर बोचरे मिळते खरे (येथे पोथीने कुंपण थोडे वाकवले आहे), पण त्याची जागा त्याच पंगतीत आहे. आणि ज्याला विचारता येत नाही, त्याच्यापाशी बोलणे बापाने आपण होऊन काढायचे. मराठी घरांत हे वाचले जात होते.

न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला आहे : सत्यासाठी बोलणे, जिंकण्यासाठी बोलणे आणि केवळ दुसऱ्याचे मोडण्यासाठी बोलणे. आपली वादविवाद स्पर्धा यांतल्या कोणत्या प्रकारात बसते, हे वाचकांनीच ठरवावे. मला एवढेच दिसते, की प्रतिपक्षाच्या मुद्द्याला उत्तर देणाऱ्यापेक्षा त्याच्या उच्चारावर, त्याच्या गावावर, त्याच्या कपड्यांवर कोटी करणाऱ्याला टाळ्या जास्त पडतात, आणि परीक्षकही हसतात. या वर्षी मंडळाने दोन गोष्टी करून पाहाव्यात. प्रत्येक वक्त्याने पहिला मिनिटभर प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षाला मान्य होईल असे मांडावे. न जमल्यास गुण कापावेत. आणि वार्षिक अहवालात चषक मिळवणाऱ्यांच्या नावांशेजारी हरलेल्या पक्षाचे दोन मुद्देही छापावेत. जागा अपुरी पडलीच, तर पाहुण्यांच्या सत्काराचे एखादे छायाचित्र कमी करता येईल.