टाळ्या कुणाच्या?

जुन्या मैफलीची कॅसेट लावली की गाण्याच्या आधी ऐकू येतो कुणाचा तरी खोकला, खुर्च्यांची कुरकुर आणि मग ती पहिली ‘वाहवा’. हा सारा गोंगाट पुसून टाकला तर ध्वनिमुद्रण स्वच्छ होईल; पण मैफल उरेल का? ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ ही जॅझची गाजलेली तबकडी ऐकताना हाच प्रश्न मनात येतो.

७ जुलै १९५६ची रात्र. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी उन्हाळी जॅझ महोत्सव चालू होता. ड्यूक एलिंग्टन तेव्हा ५७ वर्षांचे. रॉक अँड रोलचा जमाना आला होता आणि मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस सरल्यासारखे वाटत होते. त्या रात्री एलिंग्टननी १९३७ सालची आपली जुनी रचना बाहेर काढली आणि तिच्या दोन भागांमधली जागा सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस यांना मोकळी करून दिली. आडनाव ऐकून आपल्याला गोवा आठवेल. पण त्यांचे पूर्वज केप व्हर्द बेटांवरचे.

समेवर यावे तसे पुन्हा पुन्हा सुरुवातीला येत गोन्साल्व्हिसनी ब्लूजची तब्बल २७ आवर्तने वाजवली. श्रोत्यांतली एक स्त्री उठून नाचू लागली. बघता बघता सारे मैदान उभे राहिले. गर्दी हाताबाहेर जाईल, अशी धास्ती आयोजकांना वाटू लागली. ऑगस्टमध्ये एलिंग्टन ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

पण या तबकडीची दुसरी बाजूही आहे. महोत्सवासाठी खास रचलेल्या नव्या संगीताची तालीम पुरेशी झाली नव्हती. म्हणून दोनच दिवसांनी स्टुडिओत त्याचा बराचसा भाग पुन्हा वाजवला गेला आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या गेल्या! गोन्साल्व्हिसची २७ आवर्तने मात्र त्या रात्रीचीच राहिली. गंमत म्हणजे ती नीट ऐकूच येत नव्हती. कारण गोन्साल्व्हिस तबकडीवाल्यांच्या नव्हे, तर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर उभे होते. पुढे नभोवाणीची फीत सापडली, दोन्ही फिती जुळवल्या गेल्या आणि १९९९ साली ती रात्र लोकांना खऱ्या अर्थाने ऐकायला मिळाली.

निर्मात्याला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. आपली चूक कायमची तबकडीवर कोरली जावी, असे कोणत्या कलावंताला वाटेल? सूर दुरुस्त करणे एकवेळ समजू शकते. उसन्या टाळ्यांचे मात्र समर्थन होऊ शकत नाही. टाळी ही श्रोत्याची साक्ष असते आणि साक्ष खोटी असून चालत नाही.

ही गोष्ट आज अधिकच बोचते. आता बेसूर आवाज यंत्राने सुरात आणता येतो आणि रिकामे सभागृह गर्जणारे करता येते. पण न्यूपोर्टची तबकडी आजही ऐकली जाते ती कशामुळे? स्टुडिओत घासूनपुसून घेतलेल्या भागामुळे नव्हे, तर ज्याची पुनरावृत्ती कुणालाच शक्य नव्हती त्या २७ आवर्तनांमुळे. ती गोन्साल्व्हिसनी एकट्याने वाजवली नाहीत. समोरच्या श्रोत्यांनी ती त्यांच्याकडून वाजवून घेतली.

तेव्हा घरातल्या जुन्या कॅसेट्स ‘खरखर फार आहे’ म्हणून टाकून देऊ नका. आणि अधूनमधून मुलांना घेऊन एखाद्या मैफलीला जाऊन बसा. तिथे वाजणारी एखादी टाळी तरी आपली स्वतःची असू द्या.