जागेअभावी

आमचा एक मित्र २०२५ च्या जुलैमध्ये गेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांचीही नावं उघड होतील. आणि माझं भांडण त्या माणसांशी नाही. ती सगळी माझ्या रोजच्या फिरण्यातली, चहातली माणसं आहेत. भांडण आहे ते एका सवयीशी.

झालं असं की त्याच्या आठवणीखातर एक स्मरणिका काढायचं ठरलं. चांगली अठ्ठेचाळीस पानी, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर त्याचा हसरा फोटो. माझ्याकडेही लेख मागितला होता, तो मी दिला. छापून आल्यावर पाहतो तर त्यातले मधले दोन परिच्छेद गायब, आणि त्यांच्या जागी मी न लिहिलेलं एक वाक्य: ‘विविध सामाजिक विषयांवरील चित्रपटांचे ते चोखंदळ आस्वादक होते.’ विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, जागेअभावी काढावं लागलं." त्याच स्मरणिकेत त्यानं बँकेच्या सहलीत केलेल्या विनोदांना अडीच पानं आहेत.

त्या दोन परिच्छेदांत मी काय लिहिलं होतं? एवढंच, की आपल्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं या माणसानं आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावात समलिंगी माणसांविषयीचे चित्रपट दाखवण्यात, त्यांवर बोलण्यात आणि त्यापायी बोलणी खाण्यात घालवली. स-म-लिं-गी. चार अक्षरं आहेत मंडळी, फार जागा लागत नाही! मराठीत तीन लिंगं असतात हे शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. वर्गात रोज उच्चारायचा शब्द स्मरणिकेच्या प्रुफात आल्यावर एवढा का टोचावा?

‘चोखंदळ आस्वादक’ हे वाक्य कुणाही निवृत्त माणसाच्या फोटोखाली खपून जाईल. तो आस्वादक नव्हता, कैवारी होता. आस्वाद घरात बसूनही घेता येतो. हा बँकेत कॅशियर. सुट्टी टाकून पुण्याला चित्रपट रसास्वादाचं शिबिर करून आला आणि गावात फिल्म सोसायटी चालवू लागला. सुरुवातीला आम्ही सगळे जे बघतात तेच बघत होतो.. सत्यजित राय, कुरोसावा, डी सिका.

मग १९९८ चा डिसेंबर आला. दीपा मेहतांचा ‘फायर’ सेन्सॉरनं एकही कट न देता पास केला होता, तरी मुंबईत आणि दिल्लीत थिएटरं फोडली गेली. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला, पुन्हा पास झाला आणि १९९९ मध्ये परत पडद्यावर आला. आमच्या गावात तो लागला नाहीच. मात्र त्याच्यावर मत सगळ्यांचं होतं. "न बघता नापास करायचं हे तुम्ही परीक्षेत करता का हो, मास्तर?" असं त्यानं मला विचारलं होतं. त्यानं तो मिळवला आणि दाखवला. काही सभासद उठून गेले, काहींनी वर्गणी बंद केली. याची वही होती. कुठला चित्रपट, किती आले, किती मध्येच उठले, किती नंतर थांबून बोलले. कॅशियरच तो, हिशेब चोख!

त्या वहीच्या शेवटच्या रकान्यासाठी तो सगळं करायचा, हे मला सांगायचं होतं. एक तरुण मुलगा प्रत्येक खेळाला येई, काही बोलत नसे, शेवटी खुर्च्या उचलायला मदत करून जाई. मित्रानं त्याला कधी काही विचारलं नाही. मला म्हणाला होता, "पुस्तक माणूस एकटा वाचतो. सिनेमा अंधारात बघतो, पण चारचौघांत. त्या पोराला अंधारही मिळतो आणि चारचौघंही मिळतात. दुसरीकडे कुठे मिळतात का बघ."

आता काटछाटीची कारणं बघू. जागेअभावी हे झालं वरवरचं. खोलात शिरल्यावर पहिलं कारण निघालं, "घरच्यांना त्रास नको." ऐकायला किती छान! पण घरच्यांना कुणी विचारलं का? स्मरणिका हातात पडल्यावर वहिनींचाच मला फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ते सिनेमांचं काहीच कसं लिहिलं नाहीत?" प्रत्येक खेळानंतर थांबणाऱ्यांचा चहा त्यांच्या घरून यायचा. म्हणजे त्रास घरच्यांना नव्हताच. तो संपादकांना होता, घरच्यांच्या नावावर टाकला होता.

दुसरं कारण, "हे आपलं नाही हो, ही पाश्चात्त्यांची थेरं." या मुद्द्यावर माझा मित्र कधी चिडत नसे, तारखा सांगत असे. प्रेम कपूर यांचा ‘बदनाम बस्ती’ हा हिंदी चित्रपट १९७१ चा. कमलेश्वरांच्या कादंबरीवरचा, दोन पुरुषांमधली ओढ दाखवणारा. तो हरवलाच असं सगळे समजत होते. २०१९ मध्ये त्याची प्रिंट सापडली ती बर्लिनच्या एका संग्रहालयात! आपली वस्तू आपण हरवायची, परक्यांनी सांभाळायची, आणि वर म्हणायचं की ती परक्यांचीच आहे. मराठीत या. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं. त्यांच्याच ‘मित्रा’ कथेवर रवी जाधवांनी २०१४ मध्ये लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. त्यातली लताबाईंची गाणी आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. आश्रमातल्या त्या दोन बायकांची गोष्ट मात्र कुणालाच आठवत नाही. विचारून बघा घरात! पाश्चात्त्य म्हणायचंच असेल तर ते ३७७ कलमाला म्हणा. ते १८६० साली इंग्रजांनी दिलं आणि आपण ते वडिलोपार्जित दागिन्यासारखं २०१८ पर्यंत जपलं. त्या वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं संमतीनं एकत्र येणाऱ्या सज्ञान माणसांना त्यातून मोकळं केलं.

तिसरं कारण जरा सुशिक्षित असतं. "आमची ना नाही, पण ही खाजगी बाब आहे. पडद्यावर कशाला?" वा! शंभर वर्षं नायक-नायिका झाडांभोवती पळताहेत, त्यांना कुणी सांगितलं नाही की ही खाजगी बाब आहे, घरी जाऊन पळा. बरं, पडद्यावर आणायलाही हरकत नसतेच. हसायला आणलं की चालतं. ‘दोस्ताना’ २००८ सालचा. भाड्याच्या घरासाठी दोन पुरुष ‘तसं’ असल्याचं नाटक करतात, आणि सगळं कुटुंब पॉपकॉर्न खात हसतं. मनगट वाकडं करून बोलणारा पुरुष आला की थिएटरात शिट्ट्या. तेव्हा मुलांवर संस्कार होत नाहीत? माझ्या अनुभवानं सांगतो, होतात. वर्गातल्या एखाद्या हळव्या मुलाला बाकीची मुलं कुठल्या नावानं हाक मारायची आणि ती नावं कुठल्या सिनेमातून यायची, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. खोटं सोंग चालतं, खरा माणूस आला की खाजगी बाब!

आणि या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न आहे, तो मोठ्यानं कुणी विचारत नाही. मला मात्र कोपऱ्यात घेऊन तिघांनी विचारला. "सर, तुम्ही एवढे जवळचे.. तो स्वतः ‘तसा’ होता का हो?"

मी उत्तर दिलं नाही, इथंही देणार नाही. धरणग्रस्तांसाठी भांडणाऱ्याला आपण विचारतो का, तुझं घर बुडालं का? र. धों. कर्व्यांनी हयातभर संततिनियमनाचा प्रचार केला, नोकरी घालवली, खटले अंगावर घेतले. त्यांच्याबद्दलही गावानं असंच कुजबुजून घेतलं असेल. या प्रश्नामागचा हिशेब असा असतो: तो तसा असेल तर ‘स्वतःसाठीच करत होता’ म्हणून सोडून द्यायचं, आणि नसेल तर ‘काय गरज होती?’ म्हणून सोडून द्यायचं. दोन्ही वाटांनी आपण मोकळे! चित्रपट बघायची पाळी येतच नाही.

तो डोळे मिटून कौतुक करणारा नव्हता, हेही सांगायला हवं. विषय चांगला म्हणून चित्रपट चांगला असं त्यानं कधी मानलं नाही. त्याची सगळ्यात मोठी तक्रार होती ती शेवटाबद्दल. व्हिटो रुसो या अमेरिकन लेखकाचं ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’ हे १९८१ चं पुस्तक त्याच्याकडे झेरॉक्स करून बांधून घेतलेलं होतं. रुसो एड्सनं १९९० मध्ये गेला. हॉलिवूडनं अशा माणसांना कसं कसं दाखवलं, किंवा दाखवलंच नाही, याचा तो पंचनामा आहे. त्यात शेवटी एक यादीच दिली आहे: पडद्यावर अशी पात्रं कशा कशा प्रकारे मेली. आत्महत्या, खून.. मित्र म्हणायचा, "मेल्याशिवाय सहानुभूती द्यायची नाही, असा नियमच आहे बघ."

आणि हा नियम पडद्यापुरता नाही. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, कवी. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात कॅमेरे घेऊन माणसं घुसली, आणि घुसणाऱ्यांऐवजी सिरस सरांना विद्यापीठानं निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला. ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. उत्तरेत जाऊन मराठी शिकवणारा, आपल्याच पेशाचा माणूस. त्यांच्यावर २०१६ मध्ये हंसल मेहतांनी ‘अलिगढ’ केला, हिंदीत. मनोज वाजपेयी त्यात एकटाच बसून लताबाईंचं गाणं ऐकतो, ते बघून आमचा मित्र सोसायटीच्या सभेत उभा राहिला होता आणि त्याला बोलता आलं नव्हतं. मराठीच्या किती शिक्षकांना आज सिरस सरांचं नाव माहीत आहे? जागेअभावी राहून गेलं असेल.

मुंबईत २०१० पासून ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव भरतो. तिथं लिबर्टी थिएटरला तो अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं जायचा आणि परत आल्यावर मला तासभर एकेक चित्रपट सांगायचा. जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला अमेरिकेत सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, ती बातमी त्यानं मला फोनवर दोनदा वाचून दाखवली. सप्टेंबरमध्ये चित्रपट थिएटरात लागला तेव्हा तो नव्हता. मी पाहिला. वडील गेले म्हणून मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, ‘लग्न कधी?’ विचारणारे नातेवाईक, आणि शेतात राबणारा बालपणीचा सोबती बाळ्या. कुठेही आरडाओरडा नाही. मरण आहे ते सुरुवातीलाच, बापाचं. ती दोन पोरं मरत नाहीत, मंडळी. जगतात. रुसोच्या यादीत घालायला इथं काही नाही. हे आपल्या भाषेत, आपल्या मातीत घडलं. ज्यानं पंचवीस वर्षं याची वाट पाहिली, त्याच्या स्मरणिकेत याला एक ओळ नसावी?

आमचे नातेवाईक हे लिखाण वाचतात, ठाऊक आहे. काहींना हे आवडणार नाही. रागवा हवं तर, पण आधी ‘साबर बोंडं’ बघा, आपल्या लग्नाच्या वयाच्या मुलांबरोबर बसून बघा, आणि मग रागवा. लढाई संपलीय अशा समजुतीतही राहू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे गुन्हेगार नाहीत, पण नवराबायकोही नाहीत. दवाखान्यात सही करायची वेळ आली की यांचं एकमेकांशी नातं काय लिहायचं?

मित्राच्या डीव्हीडींचे दोन खोके आणि ती वही वहिनींनी माझ्या घरी आणून दिली आहे. कुठल्या कॉलेजला, वाचनालयाला, फिल्म सोसायटीला हवं असेल तर घेऊन जावं. पैसे नकोत, खोके परत नकोत. अट एकच. फळ्यावर कार्यक्रम लिहाल तेव्हा ‘वेगळ्या विषयावरील चित्रपट’ असं लिहायचं नाही. जो शब्द आहे तो लिहायचा. शुद्धलेखन मी तपासून देईन.