हिरो, नायक, आदर्श : एका शब्दाचा शोध

परक्या भाषेतून आलेले काही शब्द आपल्याकडे इतके रुळतात की, ते पाहुणे आहेत याचाच विसर पडतो. ‘हिरो’ हा त्यांपैकी एक. सिनेमातला हिरो, गल्लीतला हिरो. आणि ‘फार हिरोगिरी करू नकोस’ हा तर वसतिगृहातला नित्याचा दम. आम्ही या शाळेचे माजी विद्यार्थी. आमच्यापैकी काही जण आज येथेच अध्यापन करतात. या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो, तेव्हा याच शब्दावरून घडलेला एक प्रसंग आठवला.

आठवीच्या वर्गात फळ्यावर ‘हिरो’ असे लिहून मुलांना मराठी प्रतिशब्द विचारले होते. नायक, वीर, शूर, नेता, महापुरुष, महामानव, आदर्श, दैवत... पाहता पाहता फळा भरला. मग प्रत्येकाने आपला हिरो कोण, हे वहीत लिहावयाचे होते. बहुतेक वह्यांत बाबासाहेब होते. काहींत एखादा क्रिकेटपटू, काहींत एखादा नट. याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढल्या वाक्यांचे. तिघांविषयीची वाक्ये जवळजवळ एकच होती : ‘ते फार महान आहेत. ते मला फार आवडतात.’ शब्द अनेक सांगता आले. पण त्या शब्दांतला भेद मुलांना कोणी शिकवला नव्हता. तो दोष मुलांचा नव्हे, आमचा होता.

वस्तुतः हे शब्द एकमेकांचे सख्खे भाऊ नव्हेत. ‘हिरो’ हा मूळचा ग्रीक शब्द. तो प्रथम योद्ध्यांसाठी आणि पुढे मृत्यूनंतर ज्यांच्या समाधीपाशी पूजा होई, अशा व्यक्तींसाठी वापरला गेला. आपल्याकडे गावोगावी दिसणारे वीरगळ याच भावनेचे साक्षीदार आहेत. गावाच्या रक्षणासाठी वा गाईगुरे सोडवताना जो धारातीर्थी पडला, त्याच्या स्मरणार्थ गावाने दगड कोरून उभा केला. ‘वीर’ शब्दामागे असे रणांगण आहे. बुद्धवचनांनी मात्र हे रणांगणच बदलून टाकले. असंख्य शत्रूंना जिंकणाऱ्यापेक्षा स्वतःला जिंकणारा थोर, असे धम्मपद सांगते. ज्या ‘वीर्य’ शब्दाशी शौर्याचे नाते, त्याचा अर्थ तेथे कुशल कर्मासाठी केलेला अथक प्रयत्न असा झाला आणि दहा पारमितांत त्याला स्थान मिळाले.

‘नायक’ आणि ‘नेता’ हे दोन्ही शब्द ‘नेणे’ या अर्थाच्या एकाच धातूपासून आले आहेत. जो पुढे नेतो, तो नायक. येथे लगेच प्रश्न उभा राहतो : कोठे नेतो? आणि त्याच्यामागून जाणारा डोळे उघडे ठेवून चालतो की मिटून? ‘दैवत’ या शब्दात मात्र हा प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही. दैवतापुढे हात जोडावयाचे असतात.

हा भेद बाबासाहेबांनी फार नेमका ओळखला होता. दिनांक 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले. थोर व्यक्तीविषयी मनःपूर्वक आदर बाळगणे हा एक, आणि तिची आज्ञा आंधळेपणाने मानणे हा दुसरा. पहिल्यात वावगे काही नाही. दुसरा मात्र घातक, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी हाच इशारा साऱ्या देशाला दिला. धर्माच्या क्षेत्रात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

हे सांगणाऱ्या महामानवालाच आम्ही केवळ दैवत करून ठेवले नाही ना? आम्ही स्वतःपुरते प्रामाणिकपणे सांगतो. विद्यार्थिदशेत आम्ही जयंतीच्या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या; पण वरील दोन्ही भाषणे वाचली ती नोकरीला लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी. तरुणपणी एका पुढाऱ्यामागे आम्ही असेच धावलो. त्याचे वागणे खटकत असतानाही कोणी प्रश्न विचारला नाही. विचारू पाहणाऱ्या मित्रालाच आम्ही गप्प बसवले. तो मित्र दुरावला, तो दुरावलाच. हार घालणे सोपे असते. ग्रंथ उघडणे आणि प्रश्न विचारणे यांना कष्ट पडतात.

मग मुलांनी कोणता शब्द जवळ करावा? आमचे मत ‘आदर्श’ या शब्दाला आहे. संस्कृतात ‘आदर्श’ म्हणजे दर्पण. आपला घरगुती ‘आरसा’ त्यातूनच आला. आरशाची कोणी पूजा करीत नाही; त्यात पाहून माणूस स्वतःला नीट करतो. मज्झिम निकायात भगवान बुद्ध लहानग्या राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो उत्तर देतो. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर नीट पाहावे. त्याने स्वतःला वा इतरांना पीडा तर होत नाही ना, हे तपासावे, असा उपदेश बुद्ध त्याला करतात. आदर्श व्यक्तीही अशीच असावी. तिच्याकडे पाहून आपले वर्तन तपासता यावे.

आरसा मोठ्या चौथऱ्यावरच असावा लागतो, असेही नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुलांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. सावित्रीबाई फुले 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. रणांगण नाही, तलवार नाही. तरी यांना वीर म्हणू नये, तर कोणाला म्हणावे?

त्या दिवशी एका वहीत वेगळे उत्तर होते. मुलाने लिहिले होते : ‘माझी आई माझी हिरो आहे. ती दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाते. माझे शिक्षण बुडू नये म्हणून तिने मला येथे ठेवले. मला आठवण आली की ती पण रडत असेल, असे मला वाटते. म्हणून मी अभ्यास करतो.’ वर्गात ‘का’ आणि ‘म्हणून’ एवढे दोन शब्द त्या एकट्यालाच सापडले होते.

तेव्हापासून आम्ही प्रश्न बदलला आहे. ‘तुझा हिरो कोण?’ एवढे न विचारता, ‘त्यांच्यामुळे तू काय करू लागलास?’ असेही विचारतो. पालकांना आमची विनंती आहे की, सुट्टीत पाल्य घरी आले म्हणजे हा प्रश्न त्यांनीही विचारावा. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट देताना पुष्पहाराबरोबर एखादा ग्रंथ आणावा आणि त्यातील दोन पाने मुलांसमवेत बसून वाचावीत. अभिवादन अवश्य करावे. त्यानंतर मात्र मान वर करून, त्या आरशात स्वतःकडेही एकदा पाहावे.